कोंबडीचें वय आणि खाद्यांतील शक्ति



कोंबड्या पाळण्याच्या धंद्यांत जो पैसा खर्च होतो त्याचा सुमारें दोन तृतीयांश भाग एकट्या खाद्यावर जातो. पिलें विकत आणणें, खुराडें बांधणें, औषधपाणी करणें हे सर्व खर्च एकत्र केले तरी ते खाद्याच्या खर्चाची बरोबरी करीत नाहींत. तेव्हां ज्यास ह्या धंद्यांत चार पैसे मिळवावयाचे आहेत त्यानें खाद्याची परीक्षा शिकली पाहिजे, हें उघड आहे. आणि खाद्याची परीक्षा म्हणजे मुख्यतः त्यापासून मिळणाऱ्या शक्तीची परीक्षा होय.

देहूरोडचेंच उदाहरण घेऊं. एका अंगास लष्कराची छावणी व कोठारें, दुसऱ्या अंगास इंद्रायणीकांठचें देहू गांव, आणि लोहमार्गानें लोणावळ्याच्या दिशेस निघालें म्हणजे वडगांव, कामशेतकडे मावळांतील भाताचीं खाचरें लागतात. ह्या टापूंत ज्याच्या घरामागें थोडी मोकळी जागा आहे त्यास पन्नास-शंभर कोंबड्या पाळणें अवघड नाहीं. जवळच खडकीस राज्य शासनाचें मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. मावळच्या भातगिरण्यांतून कोंडा स्वस्त मिळतो. मका व सोयाबीनची पेंड मात्र विकत आणावी लागते आणि ती महाग पडते. अशा स्थितींत पालकाच्या मनांत एक साधा विचार येतो. कोंड्यांत शक्ति आहे असें पुस्तक सांगतें. मग महाग मका थोडा कमी करून पिलांच्या खाद्यांत कोंडा कां वाढवूं नये?

आजच्या भाषणांत ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, पुस्तकांतील आंकडा खरा असतो, परंतु तो ज्या पक्ष्यावर मोजला त्या पक्ष्यापुरता खरा असतो. पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचा आंकडा आठ दिवसांच्या पिलास लावला म्हणजे हिशेब बिघडतो, आणि त्याची भरपाई पालकाच्या खिशांतून होते.

प्रथम शक्ति मोजतात कशी तें पाहूं. एक किलोग्रॅम पाण्याचें तपमान एक अंश सेल्सिअसनें वाढविण्यास जेवढी उष्णता लागते तिला आपण एक उष्मांक म्हणूं. शास्त्रज्ञ तिला किलोकॅलरी म्हणतात. एखादा दाणा बंद भांड्यांत प्राणवायूच्या साहाय्यानें पूर्ण जाळला, म्हणजे त्यांतून किती उष्णता बाहेर पडते तें मोजतां येतें. ही त्या दाण्याची एकूण शक्ति झाली. पण एवढ्यावर विसंबून चालत नाहीं. भाताचें तूस जाळलें तर तेंहि पुष्कळ उष्णता देतें, आणि चुलीस तें चालतेंहि; कोंबडीस मात्र तें जवळजवळ निरुपयोगी असतें. पोट म्हणजे कांहीं चूल नव्हे.

म्हणून शास्त्रज्ञ दुसरा हिशेब करतात. पक्ष्यानें जें खाल्लें त्याची शक्ति मोजावयाची, त्याच काळांत जी विष्ठा पडली तिचीहि शक्ति मोजावयाची, आणि पहिलींतून दुसरी वजा करावयाची. जी बाकी उरली ती पक्ष्याच्या शरीरास लाभली. समजा, एका पक्ष्यानें १०० ग्रॅम खाद्य खाल्लें व त्यांत ४०० उष्मांक होते. विष्ठेंतून १०४ उष्मांक परत गेले. तर २९६ उष्मांक अंगीं लागले, म्हणजेच त्या खाद्याची उपयोगी शक्ति दर किलोग्रॅमला २,९६० उष्मांक झाली. शास्त्रीय ग्रंथांत हिला चयापचयी ऊर्जा असें नांव आहे. आपण आज तिला उपयोगी शक्तीच म्हणूं. गाय, डुक्कर अशा जनावरांत शेण वेगळें व मूत्र वेगळें गोळा करावें लागतें. पक्ष्यांत दोन्ही एकाच वाटेनें बाहेर पडतात, त्यामुळें हा प्रयोग कोंबड्यांवर करणें पुष्कळ सोपें जातें.

ह्या मोजणीचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे, कारण आपल्या प्रश्नाचें मूळ त्यांतच आहे. अमेरिकेंत टेक्सास येथें फ्रॅप्स नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें वाढत्या पिलांच्या शरीरांत खाद्यापासून किती शक्ति सांठते तें मोजून एक कोष्टक तयार केलें व तें १९४६ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९५८ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतील हिल व अँडर्सन यांनीं दाखवून दिलें कीं, फ्रॅप्सच्या पद्धतीपेक्षां खाल्लेलें वजा विष्ठा ही पद्धति अधिक भरंवशाची आहे. त्यांचे प्रयोगहि पिलांवरच होते. नंतर १९७६ सालीं कॅनडांतील सिबाल्ड यानें एक झटपट पद्धति काढली. तींत पूर्ण वाढलेला कोंबडा कांहीं काळ उपाशी ठेवावयाचा, मोजका घटक नळीनें त्याच्या अन्नपिशवींत घालावयाचा, आणि ठराविक तासांची विष्ठा गोळा करावयाची. खर्च कमी, वेळ कमी. म्हणून ही पद्धति जगभर पसरली. अशा रीतीनें कोष्टकांतले कांहीं आंकडे पिलांवरून आले, तर कांहीं थोराड कोंबड्यांवरून. छापलेल्या पानावर ते एकाच रांगेंत शेजारीं शेजारीं बसलेले असतात, आणि कोणता आंकडा कोणत्या वयाचा हें वाचणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं.

एक बारकावा येथेंच सांगून ठेवतों. वाढतें पिलू खाल्लेल्या प्रथिनांचा बराचसा भाग आपल्या मांसांत सांठवितें, तर थोराड कोंबडा तो जाळून नत्र बाहेर टाकतो. दोघांची तुलना न्यायानें व्हावी म्हणून शरीरांत राहिलेल्या दर ग्रॅम नत्रामागें ८.२२ उष्मांकांची दुरुस्ती करण्याची रीत आहे. परंतु ही दुरुस्ती केल्यावरहि वयाचा फरक पूर्णपणें नाहींसा होत नाहीं, कारण तो मुख्यतः पचनाचा फरक आहे.

आतां नेहमींच्या वापरांतील घटकांकडे वळूं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत दर किलोग्रॅमला मका ३,३५० उष्मांक, गहूं सुमारें २,९००, साल काढलेल्या सोयाबीनची पेंड २,४४०, घाण्याची भुईमुगाची पेंड २,५००, आणि गव्हाचा कोंडा अवघा १,३०० असे आंकडे आहेत. तुरटपणा कमी असलेली ज्वारी मक्याच्या अगदीं जवळ येते. वनस्पतींच्या तेलांचा आंकडा मक्याच्या अडीचपटीहूनहि अधिक असतो. हे आंकडे श्रोत्यांनीं कागदावर टिपून ठेवण्यासारखे आहेत. मात्र मुद्दाम लक्ष द्यावयाचें तें भाताच्या कोंड्याकडे. त्याचा आंकडा निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळा सांपडतो. ह्याचीं कारणें दोन आहेत. एक तर कोंडा म्हणजे ठराविक वस्तु नव्हे. एखाद्या गिरणीचा कोंडा मऊ व तेलकट असतो, तर दुसरीच्या कोंड्यांत तुसाची भेसळ असते. आणि दुसरें कारण हें कीं, तो खाणारा पक्षी कधीं पिलू असतो, तर कधीं थोराड कोंबडा.

पिलाच्या पोटांत असें काय कमी असतें? अंड्यांतून पिलू बाहेर येतें तेव्हां त्याच्या पोटांत पिवळ्या बलकाची शिल्लक असते. पहिले चार-पांच दिवस ही शिदोरी त्यास पुरवठा करते. त्याच दिवसांत त्याचें आंतडें झपाट्यानें वाढत असतें. बाकीच्या शरीरापेक्षांहि त्याच्या वाढीचा वेग अधिक असतो. पिष्ट पचविणारा रस पिलाजवळ बऱ्याच प्रमाणांत तयार असतो, म्हणून मक्याचें पीठ त्यास चांगलें मानवतें. पण स्निग्ध पदार्थ पचविण्यास स्वादुपिंडाचा रस व पित्त हीं दोन्ही लागतात, आणि हीं पहिल्या आठवड्यांत अपुरीं असतात. इलिनॉय विद्यापीठांतील बाताल व पार्सन्स यांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, मका व सोयाबीन यांच्या चांगल्या मिश्रणापासूनसुद्धां पिलास मिळणारी उपयोगी शक्ति जन्मानंतर वाढत जाते आणि सुमारें दोन आठवड्यांनीं स्थिरावते. खाद्य तेंच, पोतें तेंच. बदलतें तें खाणाऱ्याचें पोट.

स्निग्ध पदार्थांत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत दोन ते सात दिवसांच्या पिलांनीं मक्याचें तेल शेंकडा सुमारें ८४ इतकें शोषून घेतलें, पण जनावरांची घट्ट चरबी शेंकडा सुमारें ४० इतकीच. तींच पिलें दुसऱ्या आठवड्यांत गेलीं तेव्हां हे आंकडे अनुक्रमें ९५ व ७९ झाले. म्हणजे जी चरबी पंधरा दिवसांच्या पिलाच्या बऱ्यापैकीं अंगीं लागते, तीच चार दिवसांच्या पिलास दिली तर निम्म्याहून अधिक विष्ठेंतून निघून जाते. थंडींत गोठणारी चरबी आणि पातळ राहणारें तेल हीं पुस्तकांत जवळ जवळ उभीं असलीं तरी कोंवळ्या पोटास तीं सारखीं नव्हेत.

कोंड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांत तंतुमय भाग पुष्कळ असतो. मोठ्या पक्ष्याजवळ ह्या भागाशीं झुंजण्याचीं दोन साधनें असतात. पहिलें पेषणी, म्हणजे ती जाड स्नायूंची पिशवी, जींत कोंबडी बारीक खडे ठेवून दाणा दळते. तें तिचें जातेंच म्हणावयाचें. दुसरें साधन म्हणजे आंतड्याच्या शेवटास असलेल्या दोन बंद पिशव्या. तेथें सूक्ष्म जंतु वस्ती करतात व न पचलेल्या भागांतून थोडेंफार सत्त्व काढून देतात. पिलाचें जातें लहान व दुबळें, आणि त्याच्या पिशव्यांत जंतूंची वस्ती नुकतीच होऊं लागलेली. त्याच्या पोटांतून खाद्यहि लवकर पुढें सरकतें. ऑस्ट्रेलियांत वॉरेन व फॅरेल यांनीं भाताच्या कोंड्यावर जे प्रयोग केले व १९९० सालीं प्रसिद्ध केले, त्यांत थोराड कोंबड्यांनीं कोंड्यांतून जेवढी शक्ति काढली तेवढी पिलांना काढतां आली नाहीं. गहूं व जव यांतहि आंतड्यांत चिकटपणा उत्पन्न करणारीं द्रव्यें असतात, आणि त्यांचा त्रास मोठ्या पक्ष्यापेक्षां पिलासच अधिक होतो.

आतां एक हिशेब मांडून पाहूं. हे आंकडे केवळ उदाहरणासाठीं धरलेले आहेत. समजा, पिलांसाठीं १०० किलो खाद्य मिसळलें व त्यांत २० किलो कोंडा घातला. पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें कोंड्याची शक्ति किलोमागें २,८०० धरली आणि सर्व मिश्रणाची सरासरी २,९५० आली. पण पिलास कोंड्यापासून तीन चतुर्थांशच, म्हणजे २,१०० उष्मांक मिळाले. दर किलो कोंड्यामागें ७०० ची तूट. २० किलोंची तूट १४,००० उष्मांक. ती १०० किलोंवर वांटली म्हणजे दर किलोमागें १४० उष्मांक कमी पडले. कागदावर २,९५० असलेलें खाद्य पिलाच्या पोटांत २,८१० चें ठरलें.

कोणी म्हणेल, पिलू थोडें अधिक खाईल, एवढेंच ना? मोठ्या कोंबडीच्या बाबतींत हें बरेंचसें खरें आहे. ती बव्हंशीं शक्तीच्या भुकेनें खाते. एखाद्या अंडीं देणाऱ्या कोंबडीस दिवसास ३०० उष्मांक लागतात असें धरलें, तर २,६०० उष्मांकांचें खाद्य ती सुमारें ११५ ग्रॅम खाईल आणि २,४०० चें दिल्यास १२५ ग्रॅम. खाद्य हलकें असेल तर ती चार दाणे अधिक टिपून भरपाई करून घेते. पण चार दिवसांच्या पिलाची अन्नपिशवीच चिमुकली. त्यांत हलकें, फुगीर खाद्य भरलें कीं ती लवकर भरते आणि गरज मात्र भागत नाहीं. दुसरें असें कीं, शक्ति कमी पडली म्हणजे पिलू प्रथिनें जाळून ती गरज भागवितें. सोयाबीनची महाग पेंड आपण मांस व पिसें वाढावीं म्हणून घालतों, आणि ती सरपणासारखी जळून जाते. कोंड्यावर वांचविलेला रुपया पेंडीवर खर्च होतो, तो असा. शिवाय खुरटलेलें पिलू पुढें चांगलें खाऊं लागलें तरी मागें पडलेले दिवस भरून काढण्यास त्यास वेळ लागतो, आणि तेवढे दिवस त्याचा खुराक आपल्या माथीं बसतो.

वयाप्रमाणें गरजहि बदलते, हें सरकारी प्रमाणांवरूनहि दिसेल. भारतीय मानक ब्यूरोच्या २००७ च्या प्रमाणकांत मांसासाठीं वाढवावयाच्या कोंबड्यांना पहिल्या आठवड्यांत किलोमागें ३,००० उष्मांक व शेंकडा २३ प्रथिनें, दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यांत ३,१०० व २२, आणि त्यापुढें ३,२०० व २० असें प्रमाण दिलें आहे. येथें शक्तीचा आंकडा वयाबरोबर चढत जातो. लहान पिलास शक्ति कमी लागते असा ह्याचा अर्थ नव्हे. त्याच्या कोंवळ्या पोटास तेलकट, दाट खाद्य पेलत नाहीं आणि प्रथिनांची गरज मोठी असते, म्हणून हा क्रम सोयीचा ठरतो. अंडीं देणाऱ्या जातींत उलट दिसतें: पिलांना २,८०० व प्रथिनें शेंकडा २०, वाढत्या तलंगांना २,५०० व १६. तलंग लठ्ठ होऊं नये, तिनें हळूहळू अंग भरावें, हा ह्यांतील हेतु आहे. आणि नेमकी हीच ती पायरी, जेथें मावळच्या कोंड्यास मानाचें पान मिळावें.

तेव्हां व्यवहारांत काय करावें? पहिले दोन आठवडे मका व चांगली भाजलेली सोयाबीनची पेंड हींच खाद्याचा कणा असावीं. मका बारीक भरडलेला असावा. स्निग्ध पदार्थ घालावयाचाच तर थोडें पातळ वनस्पति-तेल घालावें. घट्ट चरबी टाळावी. कोंडा ह्या दिवसांत घालूं नये. पन्नास पिलें पहिल्या पंधरवड्यांत मिळून खातात ती रक्कम मोठी नसते. काटकसर करावयाची ती येथें नव्हे. तिसऱ्या आठवड्यापासून शेंकडा पांचाच्या बेतानें मऊ, बिनतुसाचा कोंडा सुरू करावा व वयाबरोबर क्रमानें वाढवीत जावें. आठ आठवड्यांपुढील तलंगांस तो शेंकडा पंधरा-वीसपर्यंत चालूं शकतो. अंडीं सुरू झालीं म्हणजे पुन्हां हात आवरता घ्यावा. वनराजा, गिरिराजा यांसारख्या परसांतील जातींचीं पिलें पहिले सुमारें सहा आठवडे उबेंत वाढवून मग मोकळीं सोडतात. त्यांसहि हाच नियम. एकदां तीं बाहेर किडे, गवत, सांडलेले दाणे वेंचूं लागलीं म्हणजे त्यांचें जातें मजबूत होतें, आणि घरचा कोंडा त्यांच्या उपयोगास येतो.

कोंडा घेतांना दोन परीक्षा कराव्यात. मुठींत दाबला असतां तो किंचित् तेलकट लागून गोळा धरीत असेल तर तो मऊ कोंडा; हातास खरखरीत लागून भुरभुर सुटत असेल तर त्यांत तूस अधिक आहे. दुसरी परीक्षा वासाची. भात सडतांच कोंड्यांतील तेल नासूं लागतें, आणि पावसाळ्यांतील दमट हवेंत तर फारच लवकर. खवट वास आला कीं त्यांतील शक्तीचा मोठा वांटा, जो तेलांत असतो, तोच बिघडला असें समजावें. म्हणून आठ-पंधरा दिवसांना पुरेल एवढाच ताजा कोंडा आणावा.

ऋतूचीहि गोष्ट विसरूं नये. पौष-माघांतील रात्रीं ह्या बाजूस चांगलाच गारठा पडतो. पहिल्या आठवड्यांत पिलाभोंवतीं ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. ती न मिळाल्यास खाल्लेल्या दाण्याची शक्ति वाढीऐवजीं अंग गरम ठेवण्यांत जाते. दिव्याची ऊब धान्याच्या उबेपेक्षां स्वस्त असते. उलट चैत्र-वैशाखांत मोठ्या कोंबड्या उन्हानें कमी खातात. कोंडा पचवितांना अंगांत उष्णता अधिक निर्माण होते, तेलानें तितकी होत नाहीं. म्हणून त्या दिवसांत कोंडा कमी करून थोडें तेल घालणें व खाद्य पहांटे आणि सायंकाळीं देणें हितावह असतें.

सारांश, खाद्याच्या पोत्यावर किंवा पुस्तकांत उष्मांकांचा आंकडा दिसला म्हणजे दोन प्रश्न विचारावेत. हा आंकडा कोणत्या वयाच्या पक्ष्यावर मोजला? आणि माझा पक्षी आज किती दिवसांचा आहे? ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें जुळलीं तर मावळचा कोंडा हें वाढत्या कोंबडीस लाभलेलें स्वस्त धान्य आहे. न जुळलीं तर तोच कोंडा पिलाचें पोट भरतो व त्यास उपाशी ठेवतो. शक्ति एकट्या दाण्यांत नसते, ती दाणा आणि पोट यांच्या मेळांत असते. हें ध्यानांत ठेवून जो पालक पहिल्या पंधरवड्यांत हात सैल सोडील आणि पुढें आंखडील, त्याच्या अंगणांतील कोंबड्या त्यास निराश करणार नाहींत.